परसातलं रोम

मी एकदा समुद्राचं पाणी एसटीने अंबाजोगाईला नेलं होतं. तेलाचा रिकामा पाच लिटरचा डबा, झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी, वरून सुतळी. दिवाळीची सुट्टी संपवून दापोलीकडच्या माझ्या गावाहून निघाले, पुण्याला गाडी बदलली, आणि सगळा प्रवास तो डबा दोन पायांत धरून बसले. केजच्या अलीकडे कंडक्टरचं लक्ष गेलं.

"मॅडम, रॉकेल हाय का त्यात?"

"नाही. समुद्राचं पाणी आहे."

त्याने माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग सुतळी सोडायला लावली, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. "आयला! लई खारं हाय की!" असं तो एवढ्या आनंदाने ओरडला की आख्खी गाडी जागी झाली. मागच्या सीटवरच्या एका म्हातारीने तळहात पुढे केला. कुठल्या तीर्थाचं पाणी आहे, असं विचारलं तिने. तीर्थाचं नाही असं सांगायचा मला धीर झाला नाही. तिने ते थेंब डोळ्यांना लावले, मग प्यायले. आणखी चार-पाच जणांनी चाखलं. त्यातल्या कोणीच समुद्र पाहिलेला नव्हता. उतरताना कंडक्टरने डबा स्वतः खाली घेतला आणि विचारलं, "पर येवढ्या लांबून कावून आणलं हे?"

काय सांगणार होते मी? आमच्या घरमालकांना दोन हजार वर्षांपूर्वीची रोमन दारू करायची होती, आणि त्यांच्या पुस्तकात लिहिलं होतं की त्या दारूत समुद्राचं पाणी पडतं.

सर माझे घरमालक, आणि एका अर्थाने सहकारीही. ज्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवायला लागले तिथे त्यांनी तीस वर्षं इतिहास शिकवला होता. मी रुजू झाले त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि वरची खोली मला भाड्याने दिली. खाली ते आणि त्यांची मोठी बहीण. तिला सगळी गल्ली आक्का म्हणायची. सरांनी लग्न केलं नव्हतं. आक्काचं झालं होतं आणि सहा वर्षांत संपलंही होतं. ती सव्विसाव्या वर्षी एक ट्रंक घेऊन भावाकडे आली, ती कायमची.

सर बारीक, उंच. शर्टाच्या खिशात पेनाच्या शेजारी चमचा ठेवायचे, स्टीलचा, लहान. कुठे काय चाखायला मिळेल सांगता येत नाही, असं म्हणायचे. कॉलेजात ते शुद्ध, कडक मराठी बोलत. घरी चप्पल काढली की ती मराठीही दारात राहायची. मी वयाने त्यांच्या मुलीसारखी, पण पाच वर्षांत त्यांनी मला एकदाही एकेरी हाक मारली नाही. "मॅडम, जरा खाली येता का?" अशी जिन्यावरून हाक आली की समजायचं, परसात काहीतरी झालंय.

परसात तीन रांजण गळ्यापर्यंत मातीत पुरलेले होते. रोमन लोक असेच पुरायचे म्हणे. सरांनी वहीत चित्र काढून कुंभाराला दाखवलं, त्याचं लॅटिन नाव तीनदा म्हणून दाखवलं. कुंभाराने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, ह्यो रांजण हाय." सर ही गोष्ट दर वर्षी सांगायचे आणि दर वर्षी तितकेच हसायचे. रांजणांना आतून राळ वितळवून लावलेली. द्राक्षाचा निम्मा रस कल्हईच्या पातेल्यात आटवून घट्ट करायचा, मग उरलेल्या रसात घालायचा. मेथी भाजून, कुटून टाकायची. वेखंडाचा तुकडा. थोडं समुद्राचं पाणी. रोमन लोक रस शिशाच्या भांड्यात आटवायचे. सर म्हणायचे, "येवढं एक सोडून बाकी समदं तसंच करायचं. शिसं खाऊन ते येडे झालते, आपण हाय तेवढे बास हावोत."

द्राक्षं मंडईतल्या चाचांकडून यायची. चाचांना पेटीवर नाक टेकवून सांगता यायचं की माल कधी तोडलाय. सर काळी द्राक्षं मागायचे, न धुतलेली, वरची पांढुरकी लव न पुसलेली. पहिल्या वर्षी सर त्यांना कारण सांगायला लागले तर चाचांनी हात वर केला. "सर, मला सांगू नका. मी अंगूर विकतो. घरी नेऊन तुमी काय करता ते तुमचं तुमाला माहीत." पण पेटी नेहमी सगळ्यात चांगली काढून ठेवायचे.

एकदा सरांनी परवानगीसाठी अर्ज केला होता. 'प्राचीन मद्याचे घरगुती व अल्प प्रमाणातील पुनर्निर्माण' असा विषय लिहून तीन पानी अर्ज. उत्तर म्हणून एक छापील फॉर्म आला, देशी दारूच्या दुकानाचा. त्यात 'दुकानाचे क्षेत्रफळ' असा रकाना होता. सरांनी तो फॉर्म वहीत चिकटवून ठेवला.

हे वेड लागलं कुठून, तर तेरहून. तेर हे आमच्यापासून दोन-तीन तासांवरचं गाव. दोन हजार वर्षांपूर्वी ती मोठी बाजारपेठ होती आणि रोमशी तिचा व्यापार चालायचा. सर विद्यार्थी असताना तिथे सहलीला गेले होते. संग्रहालयात काचेमागे त्यांनी एक खापर पाहिलं, हातभर नाही, वीतभर. रोमन दारूच्या घड्याचा कान. त्यांना ते इतकं लागलं की दर वर्षी एकदा ते बघायला जायचे. आक्काही जायची, तिथल्या देवळात. एका वर्षी मी पण गेले. आक्का देवळाकडे वळली आणि सर मला काचेसमोर घेऊन उभे राहिले.

"जहाजातनं आला, मॅडम. मंग बैलगाडीत. घाट चढून. इथं आपल्या मुलखात कुनीतरी ही दारू प्यालंय. चांगली हाय मनलं असंल, न्हाईतर थुकलं असंल. ते आपल्याला ठाऊकच न्हाई." मग काचेवर बोट टेकवलं. "भांडं सापडलं. चव गेली."

मी म्हटलं, "सर, पण तुमची बरोबर झाली हे कळणार कसं? कोणाला माहीत आहे ती चव?"

त्यांनी काचेवरचं बोट काढून घेतलं. मला वाटलं, मी फार बोलले. परत येताना गाडीत, छोटीशी डुलकी काढून उठल्यावर, एकदम म्हणाले, "न्हाई कळनार. पर जवळ तर जाता येईल का न्हाई?"

आक्काला हे कसं सोसवत असेल, असं मला सुरुवातीला वाटायचं. तिचा नवरा हातभट्टीच्या दारूने गेला होता. शेवटी तो अंगणात पडलेला असायचा आणि ती त्याला उचलून आत न्यायची. हे मला तिने एकदाच सांगितलं, भाकरी थापता थापता, भाकरीवरची नजर न हलवता. "त्या वासाची भीती बसलीय पोरी. मानसाची न्हाई बसली, वासाची बसली."

सरांनी रांजण पुरले त्या दिवशी तिने काही भांडण केलं नाही. तुळस मागच्या दारातून पुढच्या दारी आणली. कपड्यांची दोरी गच्चीवर बांधली. आणि मागच्या दाराला कडी घालून परसात पाय ठेवणं बंद केलं; सर बाजूच्या बोळातून ये-जा करायचे. द्राक्षं घरात आली की दुसऱ्या दिवशी पिशवी भरून पाटोद्याला भाचीकडे जायची, रस उकळ्या मारायचा थांबेपर्यंत यायची नाही. त्या सगळ्या उद्योगाला तिने नावही दिलं नव्हतं. "त्याचं ते" म्हणायची. सर म्हणायचे, "आक्का, ही ती न्हाई गं." ती म्हणायची, "दारू ती दारू." यापुढे दोघंही जात नसत. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नव्हतं, आणि मधे हे एक बंद दार होतं.

एका उन्हाळ्यात सरांनी बिअरही करून पाहिली. रोमन लोक बिअरला हलकं समजायचे, उत्तरेकडच्या थंड मुलखातले त्यांचे सैनिक ती प्यायचे. सर पण थोडं नाक मुरडूनच कामाला लागले. जव भिजवले, फडक्यात बांधून मोड आणले आणि माझ्या दारासमोर गच्चीवर जुन्या धोतरावर वाळत घातले. शेजारच्या सुनेला वाटलं, सर कोणासाठी तरी सत्त्व करतायत. तिचं बाळ आठ महिन्यांचं होतं. तिने लाजत लाजत वाटीभर मागितलं. सरांनी निम्मे जव तिला देऊन टाकले, वर कसे भाजायचे, कसे दळायचे ते समजावलं. उरलेल्याची बिअर केली ती तिसऱ्या दिवशी बाटलीचं बूच उडवून छताला लागली. सर डाग बघून म्हणाले, "सैनिकांचीच हाय ही. आपल्याला न्हाई जमायची." ते बाळ मात्र त्या सत्त्वावर चांगलं गुटगुटीत झालं.

मग कोरोना आला. दुसऱ्या लाटेत सरांना झाला. सरकारी दवाखान्यात अकरा दिवस काढले, बरे होऊन आले. आल्यावर दोन दिवसांनी जिन्यावरून हाक आली. मी मास्क लावून खाली गेले तर ते रांजणापाशी बसले होते. झाकण उघडं, हातात खिशातला चमचा.

"मॅडम, ह्याला वास येतोय का?"

मला मास्कमधूनही येत होता. गोडसर, दाट, पावसाळ्यात बंद कपाट उघडल्यासारखा. मी तसं सांगितलं.

"मला न्हाई येत," ते म्हणाले. "पाणी पिल्यासारखं लागतंय."

येईल परत, असं सगळे म्हणाले. डॉक्टर म्हणाले, मीही म्हणाले. लोकांचा येत होता. सरांचा आला नाही. महिना गेला, सहा महिने गेले. ते रोज सकाळी चार वाट्या घेऊन बसायचे: लवंग, लिंबू, निलगिरीचं तेल, कॉफी. एकेक नाकाशी धरायची, डोळे मिटायचे. कुणीतरी त्यांना हा व्यायाम सांगितला होता. वरच्या कठड्यावरून मला ते दिसायचे. वाटी खाली ठेवायची, दुसरी उचलायची. मी आत जायची.

आता वाटलं, हे दारूचं संपलं. पण फेब्रुवारीत चाचांकडून पेटी आली. आक्का पाटोद्याची पिशवी भरायला लागली. सर परसात चुलीवर मेथी भाजत बसले होते. मी वर पेपर तपासत होते, आणि खालून आक्काचा आवाज आला, असा की मला वाटलं घरालाच आग लागली.

"अरे करपली! करपली ना मेथी! उतरव!"

मी धावत खाली आले. सर कढईसमोर उलथनं धरून बसले होते, धूर तोंडावर येत होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. आक्का स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभी होती. दार उघडं होतं. इतक्या वर्षांत ते मी पहिल्यांदाच उघडं बघत होते. उंबऱ्याच्या आत पाय, बाहेर मान.

सरांनी कढई उतरवली. मग आक्काच म्हणाली, "दुसरी घे. मी सांगते कवा उतरवायची ते."

त्या वर्षी ती पाटोद्याला गेली, पण दोन दिवस उशिरा. त्यानंतर मेथी तिच्या सांगण्यावरून उतरायची. उंबरा मात्र ओलांडला नाही. आतूनच, "अजून... अजून... हां, आता."

आणि चव घ्यायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या घरी कोणी दारू प्यायचं नाही असं नाही, पण मी कधी प्यायले नव्हते. सर एक लहान चमचा पुढे करायचे आणि वही उघडून बसायचे. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "छान आहे."

"छान मनू नका, मॅडम. छान मनजे काय? छान तर समदंच असतंय. काय लागतंय ते सांगा."

मी पुन्हा चमचा तोंडात फिरवला. "आधी गोड. मग... मग मनुका. मग शेवटी कडू, मेथीच्या लाडवासारखं."

"अजून?"

"आमच्याकडे होडी ओढून वर घेतात, तिची फळी उन्हात तापते. तसा वास आहे काहीतरी."

सरांनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं. 'होडीची तापलेली फळी.' मग मला तिच्याबद्दल विचारत बसले: कुठलं लाकूड, कसलं तेल लावता, पावसात भिजली की वास बदलतो का. मी सांगत गेले आणि सांगता सांगता मला आमच्या किनाऱ्याची फार आठवण आली. सर पेन थांबवून म्हणाले, "लागलंय ना मला पण थोडंसं. तुमी सांगितलं तसं."

तो चमचा, ती वही आणि तो संध्याकाळचा उतरता उजेड, एवढ्यासाठी मी आयुष्यातली किती वर्षं परत द्यायला तयार होईन, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हा मी बदलीचा अर्ज करून बसले होते. लग्न ठरलं होतं, नवरा पुण्यात होता. अर्ज मंजूर झाला तेव्हा मी सरांना जिन्यातच घाईघाईने सांगितलं. ते म्हणाले, "वा वा. चांगलं झालं." आणि मग, दोन पायऱ्या उतरून, "मंग चाखायला दुसरं कोन बघावं लागंल." ते हसले, म्हणून मीही हसले.

दुसरं कोणी त्यांनी बघितलं नाही. पुण्याला मी फोन करायची, आधी महिन्याला, मग सणाला. ते सांगायचे, रस भरला, रांजण बुजवला. मी विचारायची, चव कशी आलीय? ते म्हणायचे, "उघडला न्हाई अजून. तुमी आल्यावर उघडू." मी 'येते, येते' म्हणायची. दोन वर्षं म्हणत राहिले. मग मुलगी झाली. मग ती आजारी पडली, मग बरी झाली, मग माझे पेपर, मग काहीतरी.

सर दसऱ्यानंतर गेले, झोपेत. मला चौथ्या दिवशी कळलं. मी तेव्हाही गेले नाही. कोणत्या तोंडाने जायचं हे कळत नव्हतं.

यंदा फेब्रुवारीत आक्काचा फोन आला. तिने मला आजवर कधीच फोन केला नव्हता. शेजारच्या सुनेने लावून दिला होता.

"पोरी, त्याचं ते एक राहिलंय. शेवटचं. उघडायचं हाय. मला एकटीला न्हाई जमायचं."

मी दुसऱ्या दिवशी निघाले.

घर तसंच होतं. आक्का वाकली होती. तिने चहा केला, मुलीचं विचारलं, फोटो बघितला. मग उठली आणि मागच्या दाराची कडी काढली. उंबऱ्यापाशी थांबली. मी तिचा हात धरला. तिने परसात पाय ठेवला, तो आधी एक, मग जरा वेळाने दुसरा, जशी थंड पाण्यात उतरतेय.

दोन रांजण रिकामे होते, त्यात वाळलेली पानं पडली होती. तिसऱ्याच्या तोंडावर फळी आणि तिच्या कडेने मातीचा लेप. सरांच्या बोटांचे चार ठसे त्या मातीत दिसत होते. मी उलथन्याने लेप फोडायला लागले. आक्का पदर नाकाशी धरून उभी होती, डोळे गच्च मिटलेले. फळी निघाली.

वास वर आला. मी तिच्याकडे बघत राहिले. ती काही वेळ तशीच उभी होती. मग पदर खाली आला. तिने श्वास घेतला, लहानसा. मग मोठा. मग ती रांजणाच्या कडेशी बसली आणि आत वाकून तिने वास घेतला, पुन्हा घेतला.

"ह्याला तसला वास न्हाई की गं," ती म्हणाली. आणि मग रडायला लागली. "येवढी वर्सं म्हनत होता. ही ती न्हाई, ही ती न्हाई. मी एकदा तरी यायचं ना बघायला."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. माझ्याकडे तरी वेगळं काय होतं?

तिने स्वतःला सावरलं. पदराने डोळे पुसले, मला म्हणाली, "घे. बघ. त्यानं तुझ्यासाठी ठेवलीय." मी वाटीत थोडी काढली. प्यायले. ती माझ्या तोंडाकडे एकटक बघत होती, सर बघायचे तशी. मी सांगायला लागले. गोड. मग मनुका. मग मेथी, पण मागच्यापेक्षा खाली दबलेली. मग खारटपणा, एवढासा, जिभेच्या कडेला. मग एक काहीतरी, ज्याला मला शब्दच सापडेना.

"बरोबर झालीय का?" आक्काने विचारलं.

"ते मला नाही सांगता येत, आक्का."

तिने मान हलवली. जरा वेळ रांजणाकडे बघत बसली. मग उठून नळाशी गेली, तांब्याभर पाणी आणलं, लेपाची फुटलेली माती गोळा केली आणि तळहातांनी मळायला लागली, भाकरीचं पीठ मळावं तशी. माझ्या ध्यानात आलं तेव्हा तिने फळी परत तोंडावर ठेवलीही होती.

उघडलेला रांजण पुन्हा बुजवला तर आत हवा राहते, दारू आंबून जाते. हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी खाली बसले आणि तिच्या समोरच्या बाजूने लेप लावायला लागले.

"पुढच्या सालाला ये," ती म्हणाली. "पोरीला घेऊन ये."

"येते," मी म्हटलं.